हिरवी वायर, काळी वायर

खट्! बटण दाबलं, पण जुना कॉम्प्युटर सुरू झालाच नाही. मी पॉवर सप्लाय सोडवून त्याची हिरवी वायर काळीला जोडून पाहिली. सप्लाय चांगला असेल तर एवढ्यावर त्याचा पंखा फिरतो; पण तो ढिम्म हलेना.

"पॉवर सप्लाय गेलाय," मी नवऱ्याला सांगितलं.

"तुला काय कळतंय त्यातलं? मेकॅनिक येतोय."

मेकॅनिक आला. "वहिनी, लांब व्हा, शॉक बसेल." तासभर त्याने रॅम पुसली, हार्ड डिस्कची केबल बदलली. शेवटी म्हणाला, "साहेब, पॉवर सप्लाय गेलाय."

"बघ! याला म्हणतात माहीतगार," नवरा म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण कडेवर बाळ पेंगत होतं.

मोठीने हळूच विचारलं, "आई, तूही हेच म्हणालीस ना? मग बाबांना काकांचंच कसं ऐकू येतं?"