मिशी आणि सीट कव्हर

टेलरमामांनी शेजारच्या इंजिनिअरच्या सायकलला नवं सीट कव्हर शिवून दिलं आणि बोलता बोलता पैज लागली. "तुझी ती वेबसाईट सायकलचे किलोमीटर मोजते ना? मी दुकानातनं न हलता आठवड्यात शंभर नोंदवतो. तिनं लबाडी पकडली तर माझी मिशी, नाही तर तुझी. रविवारी, गेटवर."

वीस वर्षांची मिशी पणाला लागल्यावर इंजिनिअर पेटला. मामांनी जीपीएस कुणाच्या स्कूटरवर फिरवला तर पकडता यावं म्हणून त्यानं साईटला वेग तपासायला शिकवलं, मग चढावर वेग मंदावतो का तेही. प्रत्येक सुधारणेनंतर स्वतः टेकडीवर सायकल हाणून खात्री करायचा. घरी येऊन बघावं, तर मामांच्या नावावर पंधरा किलोमीटर वाढलेले, पुढे साईटचा शेरा, 'खरी सायकल'. रस्तासुद्धा त्याच टेकडीचा.

म्हातारा कुणाला तरी आपल्या मागावर सोडतोय, या संशयानं तो सारखा वळून बघायला लागला. मान आखडली, पण मागे चिटपाखरू नाही. मामा दुकानात काजं करत बसलेले.

रविवारी आकडा एकशे पाच. सलूनवाल्यानं गेटवर खुर्ची टाकली, अख्खी बिल्डिंग जमली, मिशी उतरली. ओठावरून हात फिरवत इंजिनिअर म्हणाला, "मामा, साईट कुठं चुकली तेवढं सांगा."

"साईट चोख आहे रे. सायकलच चालली, तीही तूच चालवलीस." मामांनी कात्री काढली, गेटला टेकवलेल्या त्याच्या सायकलच्या सीट कव्हरची शिवण उसवली आणि काडेपेटीएवढा जीपीएस त्याच्या हातावर ठेवला.