विहिरीतले बुडबुडे

"मॅडम, माझ्या अंगणातल्या विहिरीत बुडबुडे येऊन राहिले!" सरपंच रेवताबाईंचा फोन आला, तेव्हा गॅस प्रकल्पाची नव्वद दिवसांची चाचणी संपायला एकच तास उरला होता.

इंजिनियर मृण्मयी दाबाच्या झडपेकडे धावली. तीनशे मीटर खाली, चुलींना गॅस पुरवायला खाणीतच पेटवलेल्या कोळशाचा गॅस विहिरीच्या झऱ्यांत शिरत होता. गॅसचा दाब उतरवला तर विहीर वाचणार होती. पण झऱ्याचं पाणी उलट विस्तवावर येणार होतं. गावात या गॅसवर चालणाऱ्या चारशे चुलींपैकी एक जरी चाचणीत विझली, तरी गॅसविक्रीचा परवाना गेलाच म्हणायचा.

"उतरवा जी," म्हातारे फिटर कुंडलिककाका म्हणाले. ते जातिवंत लोहार. "माणसाला पाणी तर प्यावंच लागते नं!"

"आणि विस्तव विझला तर?"

"भात्यापुढं बसल्या नाही तुम्ही कधी. कोळशावर पाणी शिंपडलं का जाळ भडकते. बदाबदा ओतू नका, बस!"

मृण्मयी चमकली. वाफ आणि तापलेला कोळसा मिळून हायड्रोजन, म्हणजे आणखी जळाऊ गॅस होतो, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. जित्याजागत्या विस्तवावर करून बघायची मात्र छाती झाली नव्हती. तिने झडप बोटभर फिरवली. गावाकडे जाणाऱ्या गॅसचा काटा घसरला, आणखी घसरला, थबकला आणि सरसर वर चढू लागला.

"चढला, काका!" ती लहान मुलीसारखी ओरडली.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन वाजला.

"विहीर शांत झाली, मॅडम," रेवताबाई कडाडल्या, "पण चूल एवढी कशानं भडकली? माझी भाकर करपली नं!"