घरातली कात्री

आमची ही सिनेमाचे कपडे शिवते, म्हणून पहिल्या खेळाला माझीही वर्णी लागली. पडद्यावर जुना काळ. लढाईला निघालेला नायक दारात उभा. नायिका एक शब्द बोलली नाही. तिने त्याच्या कोटाचं लोंबणारं बटण उभ्याउभ्याच टाचलं, वाकून दातांनी दोरा तोडला, तेव्हा तिचं कपाळ क्षणभर त्याच्या छातीला टेकलं. “हे तू शिकवलंस तिला?” मी कुजबुजलो. “मग! दिग्दर्शक म्हणाले, संवाद नकोत.” लग्न झाल्यापासून ही माझी बटणं अशीच लावते आणि दरवेळी मी खेकसतो, “घरात कात्री नाही का?” आज तेच विचारलं, पण हळूच. “दोन आहेत,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. एवढ्या वर्षांचे आभार एकदम कसे मानायचे, हेच सुचेना. अंधारात मी शर्टाचं चांगलं घट्ट बटण पिरगाळायला लागलो.