महासंघाचा चेंडू

१९७२ साली अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय महासंघाचं कार्यालय अंधेरीला, सरचिटणीस बळवंतराव समेळांच्या पुढच्या खोलीत होतं. महासंघाला एक अध्यक्ष होते, चार उपाध्यक्ष होते आणि अमेरिकेहून भेट आलेला एक चेंडू होता. तो कपाटात कुलूपबंद असे.

वेसाव्याचा धाकू तिसऱ्यांदा आला. "साहेब, बावीस जण तयार आहोत. एक दिवस बॉल द्या ना."

"तुमची संस्था महासंघाशी संलग्न आहे का?"

"नाय."

"मग अर्ज कर. कार्यकारिणी बसेल तेव्हा बघू."

"साहेब, गेल्या वर्षीपन तुमी हेच बोललात."

शनिवारी बळवंतराव पुण्याला गेले आणि त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी कपाट उघडलं. रविवारी वेसाव्याच्या वाळूवर महासंघाच्या इतिहासातला पहिला सामना झाला. सगळा कोळीवाडा बघायला लोटला होता.

सोमवारी बळवंतरावांनी बाविसांनाही दोन वर्षांसाठी निलंबित केलं. मग ते बायकोला वार्षिक अहवाल सांगू लागले.

"लिही. यंदा देशभरात शिस्तभंगाची एकच घटना घडली."

"अहो, आणि आपण काय केलं?"

"महासंघाने देशातल्या एकाही खेळाडूची गय केली नाही."