जस्ताचं भूत

या वेळी ती रेघ उमटलीच नाही. चेलागाटनं डोळे चोळले, चित्र मोठं करून पाहिलं. सीमेवरचा मोकळा पट्टा मोकळाच होता.

तिनं फार काही केलं नव्हतं. गणित तेच: खाली झिंक ऑक्साइडचा स्फटिक, वर रंगद्रव्याच्या रेणूंचा पातळ थर, आणि दोघांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनला पाय ठेवायला जागा कुठं, याचा शोध. फक्त जस्ताच्या अणूचं वर्णन करणारी फाइल तिनं बदलली होती. जुनी फाइल डॉ. किपलागाटांनी स्वतः बनवलेली. ती लावली की मोकळ्या पट्ट्यात मधोमध ती रेघ, म्हणजे एक पायरी, उगवायची आणि तिच्यावरून इलेक्ट्रॉन सहज पलीकडे जायचा. एल्डोरेटमधल्या त्यांच्या विभागाचं नाव झालं ते त्या पायरीमुळं. गेल्या वर्षी नाकुरूच्या रस्त्यावर किपलागाट अपघातात गेले. उद्या त्यांच्या स्मरणार्थ पहिलं व्याख्यान होतं, आणि ते चेलागाटनं द्यायचं होतं.

किपलागाटांचे जुने सहकारी प्राध्यापक बिरगेन संगणकाच्या पडद्यासमोर नुसतेच उभे होते.

"सर, ती पायरी खऱ्या पदार्थात नाहीच. त्या फाइलमधल्या चुकीनं दिसते. भूत आहे ते."

"उद्या त्याच्या नावाचं व्याख्यान, आणि तू आज त्याची कबर उकरायला बसलीस?"

"दुसऱ्या फाइलीही लावून पाहिल्या, सर. पायरी कुठंच येत नाही."

"उद्याचा दिवस जाऊ दे गं. एवढं ऐक माझं."

तेवढ्यात दार वाजलं. किपलागाटांची बायको राएल गावाहून आली होती. उद्याच्या गर्दीआधी तिला नवऱ्याचं टेबल एकदा बघायचं होतं. बिरगेननी लगबगीनं खुर्ची पुढं केली. "या वहिनी, बसा. चहा सांगतो." बोलता बोलता त्यांनी पडदा बंद करायला हात नेला, पण राएलचं लक्ष आधीच तिकडं गेलं होतं.

"ह्याच चित्राकडं बघत बसायचा तो," ती म्हणाली. "पण मधली ती रेघ कुठाय?"

बिरगेननी हात मागं घेतला.

"शेवटी शेवटी जेवतानाच थांबायचा. ताटातली मक्याच्या पिठाची उगाली गार व्हायची. काय झालं विचारलं, की म्हणायचा, राएल, तिथं कुणीच नसायला हवं आणि कुणीतरी बसलंय. त्याला उठवावं तर सगळं उभारलेलं कोसळतं, नाही उठवावं तर झोप लागत नाही."

बिरगेन खाली बसले. "मला कधी बोलला नाही."

"तुम्हाला कसा बोलणार, भाऊजी? तुम्ही उठल्यासुटल्या त्याचं कौतुक करायचात."

बिरगेननी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिले. मग चेलागाटकडं न बघताच म्हणाले, "उद्या ही दोन्ही चित्रं दाखव. शेजारी शेजारी. आणि शंका पहिल्यांदा त्यालाच आली होती, हेही सांग."

चेलागाटनं मान डोलावली. राएल उठून पडद्याजवळ गेली. मोकळ्या पट्ट्यावर तिनं बोट ठेवलं.

"म्हणजे आता इथं कुणी नाही?"

"नाही, काकू."

राएलनं बोट तसंच राहू दिलं.

"कसं उठवलंस गं त्याला?" तिनं हळूच विचारलं. "घरी अजून ताटासमोर येऊन बसतो."