सोळा पानं

१

"ती त्याला नाही म्हणते, तेवढं काढून टाका," वडील म्हणाले आणि कादंबरी टेबलावर आपटली. मुलगी त्यांच्या मागे, दारातच उभी राहिली.

बाइंडिंगवाल्या बाईने पुस्तक उघडलं. लग्नाची जुनी इंग्रजी कादंबरी. पाठ उसवलेली, पानं वाचून वाचून मऊ पडलेली.

"एक पान निघत नाही. एकत्र शिवलेला अख्खा फर्मा काढावा लागेल. सोळा पानं जातील."

"जाऊ देत."

"गोष्ट तुटेल."

"शेवटी लग्नच होतं ना त्यांचं? मग झालं तर." वडिलांनी मुलीकडे न बघता अंगठा मागे केला. "तीन स्थळं परत गेली. तिसऱ्याला तर हिनं यातलंच भाषण ऐकवलं, अक्षरन् अक्षर. रविवारी चौथा येतोय. दोनशे वर्षं झाली त्या बयेला, अजून लोकांच्या पोरी बिघडवतेय."

"मला पाठ आहे ते," मुलगी म्हणाली.

"विसरशील."

२

वडील फोन घ्यायला बाहेर गेले. मुलगी टेबलापाशी आली.

"काढणार तुम्ही?"

"काढणार."

"बाई असून?"

"बाइंडर असून. सरक, उजेड अडवतेस."

४

शनिवारी वडिलांनी चष्मा लावून पानांचे आकडे तपासले. शहाण्णववरून थेट एकशे तेरा.

"काढलेलं कुठंय?"

बाईने टेबलाखालचा कातरणांचा ढीग पायाने दाखवला. "हात घालून शोधा. खळ लागेल."

त्यांनी हात घातला नाही.

"शेवट बघायचा नाही?" बाईने विचारलं.

"शेवटी लग्न. ते धड आहे ना?"

"लग्नाला मी हात लावलेला नाही."

मुलीने पुस्तक उचललं, बाईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पायरीवर मात्र थबकली. पुस्तक तिने या हातातून त्या हातात घेतलं. वजन तेवढंच होतं.

३

आदल्या दिवशी दुपारी बाईने तो फर्मा सोडवला, हात पुसले आणि उभ्यानेच वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून. डबा तसाच राहिला.

मग तिने तो फर्मा शेवटच्या पानामागे ठेवला आणि दुहेरी दोऱ्याने आवळून शिवला.

आता त्या पुस्तकात आधी लग्न लागतं. सगळे हसतात, आई सुस्कारा सोडते. पान उलटलं की मुलगी खुर्चीवरून उठते आणि नाही म्हणते. त्यापुढे फक्त पुठ्ठा.