गळ्यापर्यंतचं चित्र

मॉडेल म्हणून बसणाऱ्या शेवंतामावशींचं चित्र गळ्यापर्यंतच काढायचं, हा चित्रकला कॉलेजातला नियम कौमुदीच्या पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडला होता. मावशींनी तरुणपणी आपला चेहरा एका साबण कंपनीला कायमचा विकला होता. तेव्हापासून तो गावभरच्या होर्डिंगवर तसाच तरुण हसत होता, आणि मावशींचा फोटो काढायला गेलं तर कॅमेरा चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग दाखवी.

आज वर्ग सुटला तरी मावशी स्टुलावरून उठल्या नाहीत.

"नातीला आठवण म्हणून हवंय गं. आज वरचंही काढ. दार तेवढं लावून घे."

कौमुदीनं दार लावलं. सुरकुत्या, पडलेला दात, डोळ्याखालचा तीळ, सगळं ती निरखत होती आणि चारकोल झरझर चालत होता. शेवटी तिनं कागद मावशींपुढं धरला.

"ही तर चौकातली," मावशी हळूच म्हणाल्या.

कौमुदीनं पाहिलं. गुळगुळीत गाल, शाबूत बत्तीशी, शाळेच्या वाटेवरच्या होर्डिंगवर रोज दिसायचं तेच हसू. तिनं खोडून पुन्हा काढलं. पुन्हा तेच उमटलं.

मावशींनी पदर सारखा केला. "राहू दे, पोरी. गळ्यापर्यंतचंच दे. तेवढं तरी माझं आहे."